भाड्याने फिरलेली गाडी घरी आणावी का?

वाचकांचे प्रश्न
उत्तरं : भुसावळचे नाना, निवृत्त वाहन विमा सर्वेक्षक

प्रश्न : नाना, सादर नमस्कार. मी चोपडा तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका आहे. यजमान केळी करतात. दोन मुलं, सासूबाईंचे गुडघे गेलेले, माहेर शहाद्याला. मोटारसायकलवर आता निभत नाही. जुनी गाडी घ्यायला साडेपाच लाख जमवलेत आणि दोन गाड्या पाहिल्यात. एक जळगावची डिझायर टूर एस, सीएनजी, २०२१ ची, पिवळ्या पाटीची टॅक्सी, १ लाख ६४ हजार किलोमीटर झालेली. मालक स्वतःच चालवतो, ४ लाख २० हजार म्हणतो. दुसरी पुण्याची बलेनो, पेट्रोल, २०२२ ची. गिऱ्हाइकाने स्वतः चालवायची म्हणून भाड्याने देतात ना, तसल्या कंपनीतली, काळ्या पाटीची. तीन वर्षांत फक्त ५२ हजार किलोमीटर. जळगावचा एक दलाल ती ५ लाख ४० हजारांत देतोय, ‘पांढरी पाटी नंतर करून देऊ’ म्हणतो. घरात सगळ्यांचा कल बलेनोकडे. भावजी मात्र म्हणतात, भाड्याची गाडी दारात उभीच करू नये. काय करावं?
– एक भगिनी, चोपडा तालुका

उत्तर : ताई, भावजींची भीती खोटी नाही. पण या दोन्ही गाड्यांना एकाच दावणीला बांधू नका. दोघींनी भाड्यावर दिवस काढले हे खरं, पण कोणाच्या हाताखाली काढले त्यात फार अंतर आहे.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत आदळलेल्या, उलटलेल्या, पाण्यात बुडालेल्या गाड्या पाहायच्या आणि नुकसान किती ते लिहून द्यायचं, हे माझं आयुष्यभराचं काम. ते करताना माझं एक मत पक्कं झालं. गाडी किती पळाली हा प्रश्न नंतरचा. ती कोणी चालवली, आणि बिघडल्यावर पैसे कोणाच्या खिशातून गेले, हे आधी विचारावं.

टूर एसवाला स्वतः मालक आणि स्वतःच ड्रायव्हर आहे. क्लच जरा थरथरला तरी पहिल्यांदा त्याच्याच पायाला कळतं. गाडी गॅरेजला उभी राहिली की त्याचं त्या दिवसाचं भाडं जातं आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. असा माणूस ऑइल वेळेवर बदलतो, कारण न बदलून त्याचंच नुकसान आहे. आपल्याकडचे टॅक्सीवाले बॉनेटवर हात ठेवून “मन्ही लक्ष्मी शे, नाना” म्हणतात, ते मनापासून म्हणतात. शिवाय त्याचे किलोमीटर कुठे झाले असतील ते बघा. जळगाव स्टेशनवरून पाहुणे घेऊन अजिंठा, नाही तर शिर्डी, वणी. इंजिन एकदा तापलं की तासन्‌तास एका लयीत चाललेलं. गावातल्या गावात बाजार, शाळा, बँक करत थंड इंजिनावर दोन-दोन किलोमीटर फिरलेल्या गाडीपेक्षा अशा गाडीच्या इंजिनाची झीज किलोमीटरमागे पुष्कळ कमी असते. १ लाख ६४ हजार म्हणजे चार वर्षांत रोज सरासरी ११२ किलोमीटर. टुरिस्ट गाडीला हा आकडा शोभतो, त्यावर माझा विश्वास बसतो.

आता बलेनो. कंपनी सर्व्हिसिंग ठरल्या वेळी करत असेल, त्याचं श्रेय तिला देऊ. पण आज एक गिऱ्हाईक, उद्या दुसरं. कोणी नुकता शिकलेला, कोणी क्लचवर पाय ठेवूनच घाट चढणारा, कोणी सकाळी स्टार्टर मारला की लगेच रेस करणारा. खालून खडखड आली तरी ती सांगायची कोणाला गरज वाटत नाही, संध्याकाळी गाडी परत द्यायची असते. आणखी एक गोष्ट दलाल तुम्हाला सांगणार नाही. अशा गाड्यांना लहानसहान धक्का लागला तर पुष्कळदा गिऱ्हाइकाच्या डिपॉझिटमधून पैसे कापून काम उरकतात. ते विमा कंपनीपर्यंत येतच नाही. म्हणून तो ‘एकही क्लेम नाही’ म्हणाला तर त्यावरून गाडी कधी ठोकलीच नाही असं समजू नका.

आणि ते ५२ हजार किलोमीटर. तीन वर्षांचा हिशेब केला तर दिवसाला ४८ पडतात. जी गाडी रोजच्या भाड्यावर कमावते, ती दिवसाला चोपडा ते जळगाव अशी एक खेपसुद्धा करत नसेल का? कंपनीने ती मधे बरेच महिने उभी ठेवली असेल तर शक्य आहे. नसेल, तर मीटर मागे फिरवलाय. दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवा आणि कागद मागा. नंबर आणि चेसिस नंबर घेऊन मारुतीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. तिथे झालेल्या प्रत्येक सर्व्हिसिंगला किलोमीटरची नोंद असते. मालकाच्या संमतीने ती यादी काढून घ्या. आकडे चढत गेलेत का, मधेच नोंदी थांबल्यात का, ते बघा. नोंदी थांबल्या म्हणजे गाडी बाहेरच्या गॅरेजला गेली. मग त्या गॅरेजची बिलं दाखवा म्हणावं.

यादी मिळाली नाही तर बलेनो सोडा, कितीही चकाचक असो. त्या चकाकीचे पैसे दलालाने लावलेत आणि तो ते तुमच्याकडूनच वसूल करणार आहे.

यादी मिळाली, तर गाडी दुपारच्या उजेडात बघा, संध्याकाळी नको. बॉनेट आणि पुढच्या फेंडरचे बोल्ट बघा. त्यांच्या डोक्यावरचा रंग उडालेला असेल, पाना लागल्याच्या खुणा असतील, तर तो भाग कधीतरी खोललाय. दरवाजाचं रबरी बीडिंग हाताने ओढून काढा. आत पत्र्यावर कंपनीचे गोल गोल स्पॉट वेल्ड एका ओळीत, सारख्या अंतरावर दिसतात. तिथे पुट्टी किंवा खडबडीत वेल्डिंग दिसलं तर गाडी मोठी ठोकलेली आहे, बोलणं तिथेच थांबवा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या टोकाला चिखलाची रेष असेल, सीटच्या रुळांना खाली गंज असेल, तर पाण्यात बुडालेली समजा. पुणे-मुंबईकडच्या गाडीचं हे आवर्जून बघावं. चावी फिरवली की एअरबॅगचा लाल दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढून ठेवलाय किंवा तार तोडलीय. विझलाच नाही तर एअरबॅगमध्ये बिघाड आहे. काचांवर आणि टायरवर बनल्याची तारीख असते. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘१४२२’ असेल तर २०२२ चा चौदावा आठवडा. ५२ हजार पळालेल्या गाडीला चारही टायर अगदी कोरे कशाला लागले, ते विचारा.

भाड्याच्या गाड्यांची एक खास भानगड आहे, वायरिंगची. स्वतः चालवायच्या गाड्यांना जीपीएस आणि लांबून इंजिन बंद करायचं यंत्र बसवलेलं असतं. टॅक्सीला तर १ जानेवारी २०१९ नंतरच्या नोंदणीपासून ठिकाण सांगणारं यंत्र आणि धोक्याचं बटण सक्तीचं आहे. विकताना ही यंत्रं ओढून काढतात आणि तारा तशाच टेपने गुंडाळून सोडतात. आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, त्या टेपचा डिंक वितळून ती सुटते. डॅशबोर्डखाली टॉर्च मारून बघायला एक चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन सोबत न्या. त्याला दोनशे-पाचशे द्यावे लागले तर द्या.

टूर एसची तपासणी वेगळी. ती सीएनजी आहे. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी करावी लागते, म्हणजे २०२४ मध्ये झालेली असली पाहिजे. दाखला मागा. टॅक्सीवाले वर्षानुवर्षं सीएनजीवरच चालवतात, त्यामुळे पेट्रोलचे इंजेक्टर आणि पंप आखडून बसतात. म्हणून मुद्दाम दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. झटके देते का बघा. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढा. धूर भकाभका वर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. मग दुपारी दोन वाजता एसी लावून गाडी वीस मिनिटं जागेवर उभी ठेवा. इंजिन जास्त तापता कामा नये आणि एसी गार राहिला पाहिजे. खान्देशात या परीक्षेत पास झालेली गाडी पुष्कळ काही सांगून जाते. जमलं तर मालकाला घेऊन फर्दापूरपर्यंत जा आणि वर अजिंठा घाट चढवा. चौथ्या गिअरमध्ये हळू वेगात एकदम दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी पुढे सरकली नाही, तर क्लच घसरतोय. त्याचा खर्च किमतीतून कमी करून मागा, मालक समंजस असेल तर ऐकेल.

मालकाचं मी एवढं कौतुक केलं, तरी या गाडीत माझ्या मनाला टोचणारी एक गोष्ट आहे. टूर एस ही टॅक्सीसाठीच काढलेली गाडी. २०२३ च्या आधीची टूर एस जुन्या आकाराच्या डिझायरवर बेतलेली होती. ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, पण शेजारच्या सीटची एअरबॅग चालू मॉडेलांना २०२१ च्या अखेरीस सक्तीची झाली. म्हणजे तुम्ही पाहिलेल्या गाडीत डाव्या बाजूला एअरबॅग नसण्याची शक्यता मोठी आहे. सासूबाई किंवा मुलं पुढे बसणार असतील तर हे डोळ्यांआड करू नका. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला तशी खूण आहे का, ते पाहून या. एअरबॅग एकच असेल तर मुलं मागेच बसतील, बेल्ट लावून, हा घरचा नियम करावा लागेल. डिकीत सिलिंडर आहे, त्यामुळे माहेराहून येताना गव्हाचं पोतं मावणार नाही, हेही लक्षात घ्या. आणि टॅक्सीला ताशी ८० वर वेग रोखणारं यंत्र असतं. खासगी पासिंग झाल्यावर ते आरटीओला विचारूनच काढा, परस्पर गॅरेजमध्ये नको.

कागदांचं आता. ‘पांढरी पाटी नंतर करून देऊ’ या वाक्यावर एक रुपयासुद्धा देऊ नका. भाड्याची गाडी खासगी करायची म्हणजे परमिट जमा करावं लागतं, बँकेचा बोजा असेल तर तिची एनओसी लागते, राहिलेला कर आणि दंड भरावे लागतात, आणि खासगी गाडीच्या एकरकमी कराचा फरक भरावा लागतो. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या नव्या पेट्रोल गाडीला हा कर किमतीच्या ११ टक्के आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो, तरी रक्कम छोटी नसते. ती तुमच्या गाडीला किती बसेल, हे दलालाच्या तोंडून नको, आरटीओच्या खिडकीवर विचारा. किंमत ठरवताना ‘पांढऱ्या पाटीसह, माझ्या नावावर’ एवढंच बोला. पाटी बदलून, नाव चढून आरसी हातात येईपर्यंत निम्मे पैसे तुमच्याकडे राहू द्या, आणि तसं स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या. जो विक्रेता यालाच तयार नाही, त्याच्याकडे काहीतरी अडकलेलं आहे. राज्य शासनाच्या ई-चलानच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून दंड बघा. दर आठवड्याला नवा माणूस चालवत असेल तर काळ्या पाटीच्या गाडीवर चलानांची रांग असते.

विम्याची चालू पॉलिसी मागायला विसरू नका. त्यात ‘नो क्लेम बोनस’ असा रकाना असतो. एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांना ५०. चार वर्षांची गाडी, ‘कधी ठोकली नाही’ म्हणतात, आणि बोनस शून्य किंवा २० दिसतो, तर नजीकच्या काळात क्लेम झालाय. मग कशाचा, हे मालकाने सांगितलंच पाहिजे. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. तुमच्या नावावर तो येणार नाही, तेवढा हप्ता जास्त धरा.

माझं मत विचाराल तर आधी टूर एसच्या मालकाकडे जा. कर आणि नावाचा खर्च त्याने केला, हायड्रो टेस्ट झालेली निघाली, घाटात गाडी दमली नाही, तर ४ लाख २० हजारांत ती घ्या. खर्च तुमच्याकडे असेल तर तेवढे पैसे त्या किमतीतून वजा करा. डाव्या एअरबॅगवर मन अडलं, तर दोन्ही सोडून जमवलेल्या पैशांत साधी खासगी वॅगन आर शोधा. किलोमीटर थोडे जास्त असले तरी चालतील. बलेनो फक्त सर्व्हिसची पूर्ण यादी समोर आली तरच, आणि पांढऱ्या पाटीसह पाच लाखांच्या आत.

प्रश्न : नानासाहेब, पिवळ्या पाटीची गाडी घेऊन तशीच घरगुती वापरायची, कर वाचवायचा, असं आमच्याकडे काही जण करतात. लायसन्स साधंच आहे. अडचण येते का?
– एक तरुण शेतकरी, दोंडाईचा

उत्तर : लायसन्सची अडचण आता नाही. हलक्या वाहनाच्या साध्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतचं व्यावसायिक वाहन चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलंय. अडचण बाकीची आहे. पिवळ्या पाटीच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी आरटीओकडून फिटनेसचा दाखला लागतो. खासगी गाडीला पंधरा वर्षं ती कटकट नाही. वर परमिट, व्यावसायिक विमा, त्याचा जास्त हप्ता. या खर्चात वाचवलेला कर काही वर्षांत निघून जातो. आणि शेतीच्या धावपळीत फिटनेसची तारीख उलटली, त्याच काळात धुळे रस्त्यावर कोणाला धक्का लागला, तर विमा कंपनी हात वर करायला बसलेलीच आहे. अशा फायली मी हाताळल्या आहेत. घरातला कर्ता माणूस वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा करतो. भाऊ, घरी वापरायची तर पांढरी पाटीच करा.

नावावर करणंही लांबवू नका. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा नावावर करायला १४ दिवस.

प्रश्न : अर्टिगा घेतोय, पांढऱ्या पाटीची, ‘घरची गाडी’ म्हणून. गावात मात्र कुजबुज आहे की ती लग्नसराईत भाड्याने जायची. ओळखायचं कसं? आणि तसं असेल तर घ्यावी का?
– निवृत्त शिक्षक, अमळनेर

उत्तर : गुरुजी, मालकाला फास्टॅगचं स्टेटमेंट दाखवायला सांगा. घरची गाडी वर्षातून थोड्या वेळा टोल ओलांडते. भाड्याची असेल तर एप्रिल-मेमध्ये एकाच आठवड्यात नाशिक, शिर्डी, पुन्हा नाशिक अशा नोंदी दिसतात. मग मधली आणि मागची सीट बघा. घरच्या सात सीटच्या गाडीत तिसरी रांग बहुतेक कोरी असते, भाड्याच्या गाडीत तिथलं कापड चकाकतं आणि मधली सीट दुमडायचा खटका ढिला झालेला असतो. टपावर कॅरिअरच्या क्लॅम्पचे ओरखडे, मागच्या काचेवर काढलेल्या स्टिकरच्या डिंकाची चौकट, सरकत्या खिडकीच्या काचेवर उभ्या रेघा, हेही बघा.

कुजबुज खरी निघाली तर ही गाडी मी घेऊ नका म्हणेन. पिवळ्या पाटीवाला निदान फिटनेसला गाडी दाखवत आला आणि भाड्याचा विमा भरत आला. याने खासगी विम्यावर प्रवासी वाहिले. त्या काळात अपघात झाला असेल तर विम्याकडे जाताच येत नाही, कारण ‘भाड्याने वापर’ म्हटलं की क्लेम नाकारतात. मग दुरुस्ती कुठेतरी परस्पर, बिलाशिवाय झालेली असते आणि ती तुम्हाला कोणत्याच कागदावर सापडणार नाही. त्यापेक्षा त्याच पैशांत उघडपणे टुरिस्ट म्हणून चाललेली, बिलं सांभाळून ठेवलेली अर्टिगा मिळत असेल तर ती बघा, आणि वर चोपड्याच्या ताईंना सांगितलेली तपासणी तिच्यावर करा. डिझेल हवी असेल तर एप्रिल २०२० च्या आधीचीच मिळेल, मारुतीने त्यानंतर डिझेल काढलेली नाही. म्हणजे गाडी पाच वर्षांहून जुनी असणार. टर्बो आणि इंजेक्टर डिझेलच्या जाणत्या मेस्त्रीला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका.